पंचगंगेची पातळी पीएचपीकडून जावास्क्रिप्टकडे: नवशिक्यांसाठी

जुलै लागला की कोल्हापुरात दोन माणसं भेटल्यावर आधी "पाणी किती झालं?" आणि मग "काय चाललंय?" असा क्रम असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे दोन आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यामुळे वेब शिकायला येणाऱ्या पोरांकडून मी पहिलं पान पाण्याच्या पातळीचंच करून घेतो. दुकानाची खोटी यादी करण्यापेक्षा हे बरं. घरी दाखवलं तर आजीलाही कळतं.

पान साधं आहे. वर ठळक अक्षरात पातळी, त्याखाली राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कुठले उघडलेत ते, आणि तळाला तालमीकडून गल्लीसाठी एक सूचना. आकडे डेटाबेसमध्ये आहेत, ते पीएचपी काढते. पानाचा रंग हिरवा, पिवळा, लाल करणं आणि "नोंद किती मिनिटांपूर्वीची" हे मोजणं जावास्क्रिप्टकडे. दोन्ही कामं पोरं सुटी सुटी छान करतात. अडतं ते मधल्या सांध्यावर: पीएचपीकडची व्हॅल्यू जावास्क्रिप्टच्या हातात द्यायची कशी?

झॅम्प (आपल्याच संगणकावर पीएचपी चालवून देणारं सॉफ्टवेअर) किंवा चालू असलेलं कुठलंही पीएचपी, एक एडिटर आणि ब्राउझर एवढ्यावर भागेल. खाली कोडमधले शब्द आणि अंक मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. एडिटरमध्ये ते नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

आधी कोण कधी चालतं ते

पहाटे दारात पडणारा पेपर आठवा. तो रात्री छापला गेला. तुम्ही सहाला वाचा नाहीतर दहाला, छापखान्याला पत्ता नसतो. पान दोनवर तुम्ही पेनानं काही खरडलंत तर तेही छापखान्यापर्यंत पोचत नाही. पीएचपी म्हणजे छापखाना. ती सर्व्हरवर चालते, एचटीएमएलचा मजकूर तयार करते आणि थांबते. तो मजकूर ब्राउझरकडे पोचल्यावर जावास्क्रिप्ट जागी होते. तोवर पीएचपी संपलेली असते. दोघी एका वेळी कधीच चालत नाहीत, भले एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी लिहिलेल्या असोत.

हे न कळल्यामुळे मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर पडलोय. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या गूळ व्यापाऱ्याला सौद्यांच्या नोंदीचं पान करून दिलं होतं. नोंद काढून टाकायच्या बटणासाठी मी असं काहीतरी लिहिलं:

```
इफ (कन्फर्म("नोंद काढायची?")) {
  <?पीएचपी नोंद_काढ($क्रमांक); ?>
}
```

वाचायला किती सरळ! माणूस "हो" म्हणाला तर नोंद काढ. प्रत्यक्षात पीएचपीला त्या "इफ"चा गंधही नसतो. तिच्या दृष्टीनं तो नुसता छापायचा मजकूर. मधली पीएचपीची ओळ मात्र ती पान तयार होतानाच चालवते, कुणी काही विचारण्याआधी. म्हणजे पान उघडलं की नोंद गेली. व्यापाऱ्यानं सकाळी चार वेळा पान उघडून बघितलं आणि चार सौदे गायब. "हो" कुणी म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून मी पोरांना एक सवय लावतो. गोंधळ झाला की ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून यू दाबा. जे दिसेल तोच छापलेला पेपर. त्यात पीएचपीचं अक्षरही नसेल, फक्त तिनं मागे ठेवलेला मजकूर असेल. पुढची प्रत्येक पायरी करून झाल्यावर हे बघायचं.

पहिली पायरी: एक आकडा

आकड्यापासून सुरुवात करू. पण त्याआधी आपल्या गावची एक अडचण. पातळी आपण फूट आणि इंचात बोलतो. "एकेचाळीस फूट दहा इंच" हे पोरं ४१.१० असं साठवतात. मग ४१ फूट ९ इंच म्हणजे ४१.९ हे त्याहून मोठं ठरतं, पाणी चढत असताना पान "उतरतंय" म्हणतं आणि गल्लीतली माणसं खुर्च्या पुन्हा खाली आणून ठेवतात. सगळं इंचात ठेवा. ४१ फूट १० इंच म्हणजे ५०२, इशारा ४६८, धोका ५१६. दाखवताना बाराने भागून फूट-इंच करता येतात.

आता पानात (<?= म्हणजे पीएचपीला "ही व्हॅल्यू इथे छाप" असं सांगणं):

```
<स्क्रिप्ट>
  कॉन्स्ट पातळी = <?= $पातळी ?>;
</स्क्रिप्ट>
```

कंट्रोल-यू केल्यावर तिथे "कॉन्स्ट पातळी = ५०२;" दिसेल. ब्राउझरला वाटतं तुम्ही हातानंच ५०२ टाइप केलंत. सर्व्हरची व्हॅल्यू जावास्क्रिप्टमध्ये नेणं म्हणजे एवढंच: तुम्ही पीएचपीकडून जावास्क्रिप्टचा कोड लिहून घेताय. म्हणून प्रश्न कायम एकच असतो. त्या जागी जे छापलं जाईल ते जावास्क्रिप्टच्या व्याकरणात बसेल का?

आकडा बसतो. पण त्या दिवशीची नोंद अजून आलेलीच नसेल तर? पीएचपीतलं "नल" छापलं की काहीच उमटत नाही. पानात "कॉन्स्ट पातळी = ;" राहतं आणि त्या टॅगमधली सगळी स्क्रिप्ट आडवी. खरं-खोटंचंही तसंच: "ट्रू" छापलं की १ उमटतो, "फॉल्स" छापलं की रिकामी जागा. त्यामुळे आकडा असो वा काही, नुसतं छापणं मी पहिल्या दिवसानंतर करू देत नाही.

आणखी एक सापळा खास आपला. नोंद करणारा कार्यकर्ता मोबाइलवर मराठी कीबोर्ड वापरत असेल तर तो देवनागरी ५०२ टाकतो. पीएचपीमध्ये त्याचा "इंट" (पूर्णांक) केला तर उत्तर ० येतं, जावास्क्रिप्टमध्ये "नंबर" केला तर "नॅन", म्हणजे "हा आकडाच नाही". नदी शून्य इंचावर, पान हिरवंगार. फॉर्ममधून आकडा आला की आधी देवनागरी अंक बदलून घ्या आणि मगच साठवा. पीएचपीतलं "एसटीआरटीआर" त्यासाठी पुरतं.

दुसरी पायरी: मजकूर, आणि इथे जरा थांबा

समजा तालमीची सूचना अशी आहे:

```
सुतारवाड्यातल्या मंडळींनी सामान हलवावं.
जामदार क्लबकडे "बघायला" कुणी जाऊ नये.
```

नवखा माणूस काय करतो? मजकूर आहे, म्हणजे अवतरणात घालू:

```
कॉन्स्ट सूचना = "<?= $सूचना ?>";
```

"नमस्कार" टाकून बघितलं, चाललं. मग खरी सूचना आली. पहिल्या ओळीनंतर ओळ तुटली आणि जावास्क्रिप्टला साध्या अवतरणात ओळ तोडलेली चालत नाही. ती चालली असती तरी "बघायला"च्या अलीकडच्या अवतरणानं वाक्य मधेच बंद केलं असतं. पान पांढरं, आणि नेमकं पाणी वाढलेलं.

यावर पहिला उपाय हमखास चुकीचा सुचतो. कुणीतरी सांगतं, "एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स लाव की भावा." ते फंक्शन चांगलं आहे, पण ते एचटीएमएलच्या व्याकरणासाठी आहे. स्क्रिप्ट टॅगच्या आत ब्राउझर एचटीएमएलच्या खुणा उलगडत नाही. त्यामुळे अवतरणाच्या जागी "&क्वॉट;" जसंच्या तसं राहतं, आणि लोकांना सूचना वाचायला मिळते ती अशी: जामदार क्लबकडे &क्वॉट;बघायला&क्वॉट; कुणी जाऊ नये. तुटलेली ओळ तर तशीच तुटलेली, कारण ओळबदलाला हे फंक्शन हातही लावत नाही.

योग्य औजार "जेसन_एन्कोड". जेसन ही माहिती मजकूर म्हणून लिहायची एक ठरलेली पद्धत, आणि तिच्यात लिहिलेली व्हॅल्यू जावास्क्रिप्टच्या व्याकरणात आपोआप बसते:

```
कॉन्स्ट सूचना = <?= जेसन_एन्कोड($सूचना, जेसन_हेक्स_टॅग | जेसन_हेक्स_अँप | जेसन_हेक्स_एपॉस | जेसन_हेक्स_क्वॉट) ?>;
```

बाहेरची अवतरणं गेली, बघितलंत? ती जेसन_एन्कोड स्वतः घालते. सवयीनं तुम्हीही घातलीत तर दुहेरी होतात आणि सगळं मोडतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात तक्रारी एवढ्यावर मिटतात. आता नलचं खरोखर "नल" उमटतं, फॉल्सचं "फॉल्स". आकड्यांनाही हेच लावा, म्हणजे पहिल्या पायरीतली रिकामी जागा राहणार नाही.

जेसन_हेक्सवाले ते चार लांबलचक शब्द कशाला, हा प्रश्न येतोच. ब्राउझर स्क्रिप्ट टॅग वाचताना अवतरणं वगैरे बघत बसत नाही. त्याला </स्क्रिप्ट> दिसलं की तो टॅग तिथेच बंद करतो, भले ते तुमच्या वाक्याच्या मधोमध असो. जेसन_एन्कोड आपणहून तिरक्या रेघेआधी उलटी रेघ टाकते, त्यामुळे एवढा धोका टळतो. पण मजकुरात एचटीएमएलच्या टिप्पणीची सुरुवात <!-- आणि तिच्यामागे <स्क्रिप्ट> आलं तर ब्राउझर वेगळ्याच अवस्थेत जातो आणि तुमचा खरा बंद टॅगही त्याला बंद वाटत नाही. हेक्स_टॅग लावलं की < आणि > दोन्ही सांकेतिक रूपात जातात आणि विषय संपतो.

"एवढं वाकडं कोण लिहिणार?" सूचना फक्त तुम्हीच लिहीत असाल तर कोणी नाही. पण उद्या गल्लीतल्या कुणालाही सूचना टाकायचा फॉर्म द्याल. तिथे एखाद्यानं मुद्दाम स्क्रिप्ट लिहिली आणि तुम्ही ती नुसती छापलीत, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये त्याचा कोड चालतो, तोही तुमच्या पानाच्या नावावर. लॉगिन केलेल्या कार्यकर्त्याच्या वतीनं खोटी पातळी टाकणं इथून शक्य होतं. ऐन पुरात ४४ फुटांची अफवा काय करते हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको.

हा मजकूर पुढे जावास्क्रिप्टनं पानावर दाखवताना "टेक्स्ट-कंटेंट"मध्ये ठेवा, "इनर-एचटीएमएल"मध्ये नको, कारण ते मजकुराला एचटीएमएल समजून उलगडतं. नाहीतर पुढचं दार बंद करून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल.

कंट्रोल-यू केल्यावर एक गोष्ट बघून घाबरू नका. मराठी मजकूर गायब होऊन आकड्यांची रांग दिसेल. "गूळ" या शब्दाचं होतं उलटी रेघ, यू आणि ०९१७, मग तसंच ०९४२, तसंच ०९३३. हे युनिकोडमधले ग, दीर्घ ऊकार आणि ळ. जावास्क्रिप्ट ते बरोबर वाचते, पानावर "गूळ"च दिसतो. डोळ्यांनी तपासायला सोपं जावं म्हणून "जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड" जोडता येतं. आकारही कमी होतो: गूळला १८ बाइटऐवजी ९.

घाबरायचं ते वेगळ्या ठिकाणी. जेसन_एन्कोडला मजकूर यूटीएफ-८ मध्येच (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) लागतो. जुन्या मराठी फॉन्टमधल्या याद्या कुणी जशाच्या तशा डेटाबेसमध्ये ओतल्या असतील तर त्यातले बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत. मग जेसन_एन्कोड काही न बोलता "फॉल्स" परत करते, फॉल्स छापलं की रिकामी जागा, आणि आपण पुन्हा "कॉन्स्ट सूचना = ;" वर. "जेसन_थ्रो_ऑन_एरर" जोडा. पीएचपी ७.३ पासून ते आहे, आणि चूक जिथे आहे तिथेच ती ओरडते.

तिसरी पायरी: सगळं एका गाठोड्यात

पातळी, इशारा, धोका, दरवाजे, सूचना, वेळ. प्रत्येकासाठी एकेक ओळ लिहीत बसू नका. पीएचपीमध्ये एक अ‍ॅरे करा आणि एकदाच जेसन करा. मी ते चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये न ठेवता वेगळ्या टॅगमध्ये ठेवतो:

```
<स्क्रिप्ट टाइप="अ‍ॅप्लिकेशन/जेसन" आयडी="पूर-माहिती">
<?= जेसन_एन्कोड($माहिती, जेसन_हेक्स_टॅग | जेसन_हेक्स_अँप | जेसन_थ्रो_ऑन_एरर) ?>
</स्क्रिप्ट>
<स्क्रिप्ट एसआरसी="पूर.जेएस" डिफर></स्क्रिप्ट>
```

टाइप अ‍ॅप्लिकेशन/जेसन असल्यामुळे ब्राउझर तो मजकूर चालवत नाही, नुसता सांभाळून ठेवतो. मग पूर.जेएस या फाइलमध्ये:

```
कॉन्स्ट डबा = डॉक्युमेंट.गेट-एलिमेंट-बाय-आयडी("पूर-माहिती");
कॉन्स्ट माहिती = जेसन.पार्स(डबा.टेक्स्ट-कंटेंट);
```

या एका बदलानं बरंच साधतं. सगळी जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये जाते, पीएचपी तिच्यात कुठेही घुसत नाही. पुढे कधी सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या याचे ब्राउझरला दिलेले नियम) लावून पानात लिहिलेल्या स्क्रिप्ट बंद केल्यात तरी हा डबा चालत राहतो, कारण तो चालणारा कोडच नाही. "डिफर" विसरू नका. फाइल वर जोडलीत आणि डबा पानात खाली असेल, तर जावास्क्रिप्ट डबा शोधेपर्यंत तो आलेलाच नसतो आणि हातात नल पडतो.

वेगळ्या फाइलचा विषय निघालाच आहे तर ही चूक बघून ठेवा. पोरं पानातला कोड उचलून पूर.जेएस मध्ये टाकतात, आतल्या <?= सकट. सर्व्हर डॉट-जेएस फाइल पीएचपीकडे पाठवतच नाही, जशी आहे तशी देऊन टाकतो. ब्राउझरला तिथे < हे चिन्ह दिसतं आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल अक्षरात येतं: अनएक्स्पेक्टेड टोकन, आणि पुढे ते चिन्ह. हा संदेश दिसला की जवळजवळ नेहमी कारण दोनपैकी एक असतं. एकतर जेएस फाइलमध्ये पीएचपी राहिली, नाहीतर फाइलचा पत्ता चुकला आणि तिच्या जागी "पान सापडलं नाही"चं एचटीएमएल आलं.

आता दरवाजे. राधानगरीचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि बातमी येते, "तीन आणि सहा नंबरचे दरवाजे उघडले". आपल्याकडे सात दरवाजांचा अ‍ॅरे आहे. त्यातले उघडे गाळून घ्यायला पोरं "अ‍ॅरे_फिल्टर" लावतात. सगळे बंद असताना पान चालतं. सातही उघडे असताना चालतं. फक्त तीन आणि सहा उघडले की कन्सोल म्हणतं, फॉर-ईच हे फंक्शनच नाही!

असं का? अ‍ॅरे_फिल्टर जुने क्रमांक तसेच ठेवते. तिसरा आणि सहावा म्हणजे पीएचपीत २ आणि ५. जेसन_एन्कोड बघते की क्रमांक ०, १ असे ओळीनं नाहीत, म्हणजे ही यादी नव्हे, आणि चौकोनी कंसाऐवजी महिरपी कंसात ऑब्जेक्ट करून देते. फॉर-ईच म्हणजे यादीतल्या प्रत्येकावर फिरणारं फंक्शन, ते ऑब्जेक्टला नसतं. दरवाजांना १ पासून ७ क्रमांक दिलेत तरीही हेच होईल, कारण यादी शून्यापासून सुरू व्हावी लागते. उपाय एका शब्दाचा: पाठवण्याआधी "अ‍ॅरे_व्हॅल्यूज" लावा आणि दरवाजाचा नंबर आत वेगळा ठेवा.

डेटा-वालं दुसरं दार

एखाद-दुसरी व्हॅल्यू एखाद्या खास घटकाशी बांधलेली असेल तर डबा कशाला? घटकावरच लिहा:

```
<डिव्ह आयडी="फलक" डेटा-पातळी="<?= एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स($पातळी) ?>" डेटा-धोका="५१६">
```

इथे एचटीएमएल-स्पेशल-कॅर्स बरोबर आहे, कारण ही जागा एचटीएमएलची आहे आणि ब्राउझर इथे खुणा उलगडतो. जावास्क्रिप्टमध्ये "फलक.डेटासेट.पातळी" लिहिलं की व्हॅल्यू हातात.

पण हातात येते ती नेहमी मजकूर म्हणून. याची माझी गोष्ट ऐका. मी पातळी आणि धोका दोन्ही डेटासेटमधून घेतले आणि सरळ तुलना केली: पातळी धोक्याहून मोठी असेल तर पान लाल. अख्खा पावसाळा पान बिनचूक चाललं. मे महिन्यात नव्या बॅचला दाखवायला म्हणून ८ फूट, म्हणजे ९६ इंच टाकले. पान लालभडक, "धोका पातळी ओलांडली".

दोन मजकुरांची तुलना जावास्क्रिप्ट शब्दकोशासारखी करते, पहिल्या अक्षरापासून. "९६" मधला ९ हा "५१६" मधल्या ५ पेक्षा मोठा, म्हणून ९६ मोठा. दोन्हीकडे तीन अंक असले की शब्दकोशाचा क्रम आणि आकड्यांचा क्रम जुळतो, म्हणून पावसाळाभर काही कळलं नाही. ८ फूट ४ इंच म्हणजे १०० इंच, त्याच्या खाली गेलं की भांडं फुटू शकतं. डेटासेटमधून आकडा घेताना "नंबर(...)" लावा. डब्यातही हेच होऊ शकतं: पीएचपी ८.१ च्या आधी पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) मायएसक्यूएलमधून आकडेही बहुतेक वेळा मजकूर म्हणूनच देत असे, मग जेसनमध्ये ते अवतरणासकट जातात. पीएचपीकडेच "(इंट)" लावून पाठवा.

वेळ

पीएचपीचं "टाइम" सेकंद देतं, जावास्क्रिप्टची "डेट" मिलिसेकंद मागते. हजारानं गुणायला विसरलात तर आजची नोंद २१ जानेवारी १९७० ची दिसते. ती तारीख दिसली की समजा, हजार राहिले.

दुसरी भानगड साडेपाच तासांची. पीएचपीला काही सांगितलं नसेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते. दुपारी अडीचची नोंद सकाळी नऊची दिसली, तर टाइमझोन "एशिया/कोलकाता" केलेला नाही. मजकूर म्हणून वेळ पाठवायची असेल तर शेवटी +०५:३० असलेलं पूर्ण रूप पाठवा. पीएचपीच्या "डेट" फंक्शनला "सी" दिलं की ते मिळतं. नुसती "२०२५-०७-२६" अशी तारीख जावास्क्रिप्ट यूटीसीतली मध्यरात्र समजते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच.

काय पाठवायचं नाही

डब्यात जे टाकाल ते कंट्रोल-यू करणाऱ्या कुणालाही दिसतं. पानावर दाखवलं नाही म्हणजे लपलं असं नाही. घाईत टेबलातले सगळे कॉलम उचलून जेसन केलं, त्यात कार्यकर्त्यांचे मोबाइल नंबरही होते, असं पान मी माझ्याच वर्गात पाहिलंय. जेवढं जावास्क्रिप्टला लागतं तेवढेच कॉलम नाव घेऊन निवडा. डेटाबेसचा पासवर्ड किंवा कुठल्या सेवेची गुप्त की डब्यात कधीच नाही.

उलट दिशेनंही तेच. जावास्क्रिप्टनं "पातळी ० ते ७२० इंचांतच हवी" असं तपासलं तरी सर्व्हरवर पुन्हा तपासा. ब्राउझरमधला कोड वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो, तो हवं ते पाठवू शकतो. पाठवायला फॉर्म किंवा "फेच" (पान न बदलता सर्व्हरशी बोलणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) लागतं. छापून झालेल्या पीएचपीच्या व्हेरिएबलमध्ये जावास्क्रिप्ट काही भरू शकत नाही.

फेच आणखी एका कामाचं आहे. आपण पानात छापलेली पातळी पान उघडलं त्या क्षणाची. कुणी सकाळी उघडून दुपारपर्यंत टॅब तसाच ठेवला तर तो शिळा पेपर वाचतोय. पानाची कॅशे (तयार पानाची साठवलेली प्रत) ठेवणारं काही बसवलं असेल तर नव्यानं उघडणाऱ्यालाही शिळाच मिळेल. अशा वेळी फक्त जेसन देणारी एक छोटी पीएचपी फाइल करा आणि दर पाच मिनिटांनी फेचनं तिला विचारा. पहिला आकडा डब्यातून, पुढचे फेचमधून. पहिलाही फेचनंच आणावा असं काही जण म्हणतात, पण पुराच्या दिवसांत मोबाइलची रेंज अशी असते की पान आलं आणि आकडा आलाच नाही असं होतं. मी तरी पहिला आकडा पानासोबतच पाठवतो.

नुसत्या पीएचपीऐवजी दुसरं काही वापरत असाल तर

विचार तोच, औजाराचं नाव बदलतं. जँगोमध्ये २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून "जेसन_स्क्रिप्ट" नावाचा फिल्टर आहे, तो आपला डबा आयता करून देतो. फ्लास्कच्या टेम्प्लेटमध्ये "टू-जेसन". लॅराव्हेलमध्ये दुहेरी महिरपी कंस एचटीएमएलसाठी आहेत, स्क्रिप्टमध्ये "जेएस-फ्रॉम" वापरा. वर्डप्रेसमध्ये बरेच जण "लोकलाइझ-स्क्रिप्ट" वापरतात. ते अगदी बाहेरच्या थरातल्या आकड्यांचा मजकूर करून टाकतं, म्हणजे ९६ आणि ५१६ ची गोष्ट तिथे पुन्हा घडू शकते.

पान चढवण्याआधी

सूचनेच्या चौकटीत ही तीन ओळींची सूचना टाका, जशीच्या तशी (टॅगमधला "स्क्रिप्ट" शब्द मात्र इंग्रजी अक्षरांत):

```
शाहूपुरीत "पाणी" आलं, कुंभार गल्लीतल्या 'गणपती'च्या मूर्ती हलवा
<!-- <स्क्रिप्ट> </स्क्रिप्ट> & \ /
व्हीनस कॉर्नर: रस्ता बंद
```

आणि पातळी ९६ ठेवा, दरवाजे तीन आणि सहा उघडे. सूचना अक्षर न अक्षर जशी टाकली तशी दिसायला हवी, पान हिरवं राहायला हवं, दरवाजे दोन दिसायला हवेत आणि कन्सोल रिकामा. मग पातळी ५०२ करा, पिवळं व्हायला हवं. ५१६ केल्यावर लाल. नाही झालं तर "मोठी" आणि "मोठी किंवा समान" यांतलं कुठलं चिन्ह लिहिलंय ते बघा, कारण ४३ फुटांवर पाणी टेकलं की धोका धरायचा, ओलांडल्यावर नव्हे.